सात किलोंचा भाचा

माझ्या भाच्याचं वजन ब्याऐंशी किलो आणि त्याच्या संसाराचं सात. ब्याऐंशीला आमची बहीण आणि तिच्या हातचं तूप जबाबदार आहे. सातचा आकडा विमान कंपन्यांनी ठरवलाय: केबिनमध्ये एक डाग, सात किलोपर्यंत, फुकट. माणसाला जगायला नेमकं किती लागतं, या प्रश्नापायी आपल्याकडे संतांनी आयुष्यं वेचली. उत्तर शेवटी विमानतळावरच्या काट्यावर निघालं.

दोन वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी तो आमच्याकडे प्रभादेवीला आला. मंगळवार लक्षात आहे, कारण सिद्धिविनायकाच्या गर्दीतून त्याचा टेम्पो आमच्या गल्लीत शिरायला पाऊण तास लागला. हो, टेम्पो. पुण्याचा भाड्याचा फ्लॅट सोडून, फ्रिज, सोफा, टीव्ही विकून तो जग हिंडायला निघाला होता. काम लॅपटॉपवर, राहणं मिळेल तिथे, एका देशात व्हिसा पुरेल तितके दिवस. पहिला मुक्काम व्हिएतनाम, कारण तिथे घरबसल्या नव्वद दिवसांचा व्हिसा मिळतो. "मामा, मी सगळ्यातून मोकळा झालो," असं तो दारात उभा राहून म्हणाला, आणि त्याच्या मागून दोन हमाल त्याचं मोकळेपण जिन्यावरून वर चढवायला लागले.

चौदा खोकी होती. शिवाय एक गिटार, एक सायकल (चाकं काढलेली, म्हणून ती सायकलीत धरायची नाही असं त्याचं म्हणणं) आणि कुंडीसकट एक रबराचं झाड. मराठीत माणसाला 'मामा' बनवतात. काका बनवत नाहीत, आत्या तर मुळीच नाही. का, ते त्या दिवशी कळलं.

आमची खोली दहा बाय अठरा, मोरी धरून. वर पोटमाळा. चाळीत न राहिलेल्यांसाठी सांगतो: पोटमाळा म्हणजे खोलीचा वरचा मजला, जिथे फक्त चार पायांवर चालता येतं. खाली माणसं राहतात आणि वर न लागणाऱ्या वस्तू राहतात, आणि दोघांत जागा जास्त कुणाला आहे हे विचारू नये. आमच्या माळ्यावर तांब्याचा बंब आहे, जो गॅस आल्यापासून पेटला नाही. आईचा पाटा आहे, वरवंटा नाही. गणपतीचं थर्माकोलचं मखर आहे. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून ते वापरता येत नाही आणि कुठे टाकायचं तेही कळत नाही, म्हणून ते एखाद्या पदच्युत संस्थानिकासारखं कोपऱ्यात मानानं बसून आहे. या दरबारात भाच्याची चौदा खोकी दाखल झाली. त्यांवर मार्करनं नावं घातलेली होती: 'पुस्तकं', 'हिवाळा', 'मिसलेनियस एक', 'मिसलेनियस दोन', आणि सगळ्यात जड खोक्यावर 'सेंटिमेंटल'.

"यात काय आहे रे?" बायकोनं विचारलं.

"मामी, ते आठवत नाही, पण टाकवत नाही."

रात्री त्यानं आपली सात किलोंची सॅक जमिनीवर उलगडून दाखवली. समोरच्या काकूंपासून खालच्या इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे बघायला जमले. चाळीत कुणी मोठं ऑपरेशन करून आलं की टाके बघायला जमतात तसे. तीन टी-शर्ट, कसल्याशा परदेशी मेंढीच्या लोकरीचे. एकेकाची किंमत ऐकून काकूंनी माझ्या बायकोकडे पाहिलं आणि बायकोनं आपल्या लग्नातल्या शालूच्या ट्रंकेकडे. "पाच दिवस सलग घातला तरी वास येत नाही, मामी." यावर बायको म्हणाली, "त्याला येत नसेल." मग एक टॉवेल, घडी केल्यावर रुमालाएवढा होणारा, दोन तासांत वाळणारा. इस्त्रीवाल्यानं तो हातात घेऊन निरखला आणि स्वतःच्या खांद्यावरच्या पंच्याकडे बघत विचारलं, "आणि हा कितीला?"

शेवटी आला टूथब्रश. त्याची दांडी अर्धी कापलेली होती. लांबच्या प्रवासात ग्रॅम-ग्रॅम मोजायचा असतो, आणि ब्रशाचा उपयोग पुढच्या टोकाला असतो, मागची दांडी हा निव्वळ ऐषआराम आहे, असं त्यानं समजावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत तो त्या ब्रशानं दात घासत होता तेव्हा अख्खी मूठ तोंडात गेलेली होती. रबराच्या झाडाची कुंडी एकटी अकरा किलो भरली; ती मी आमच्या वाण्याच्या काट्यावर तोलून आणली होती.

तो गेला. मी माळ्यावर चढून खोकी सरकवत होतो तेव्हा मागे पत्र्याची ट्रंक लागली. हिरवा रंग, जागोजागी पोपडे, झाकणावर पांढऱ्या अक्षरांत वडिलांचं नाव, खाली 'ता. आजरा, जि. कोल्हापूर'. नावाची अक्षरं मोठी, तालुक्याची त्याहून मोठी.

वडील १९५६ साली ही ट्रंक घेऊन मुंबईला आले आणि मिलमध्ये लागले. तेव्हा प्रभादेवीत स्टँडर्ड होती, क्राउन होती, आणि भोंग्यावर घड्याळं लावायचे. राहायला गावाची खोली. हा प्रकार आता सांगावा लागतो. आजरा, चंदगड, गडहिंग्लज, सातारा, कोकण, कुठल्याही गावचं मंडळ परळ-लालबाग-प्रभादेवीच्या चाळीत एक खोली घ्यायचं. गावचा माणूस मुंबईत आला की पाठ टेकायला तिथे. आमच्या गावच्या खोलीत अठ्ठावीस जण होते. मिल तीन पाळ्यांत चालायची, त्यामुळे खोलीही तीन पाळ्यांत झोपायची. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागेवर आडवा व्हायचा, आणि वडील सांगायचे की थंडीत ही मोठी सोय होती, अंथरूण गरम मिळायचं. ज्याला जागा नाही तो गॅलरीत, ज्याला गॅलरी नाही तो फुटपाथवर. पावसाळ्यात सगळे आत आणि कूस बदलायची तर ती ओळीनं.

प्रत्येकाची मालमत्ता म्हणजे एक ट्रंक आणि एक वळकटी. ट्रंका भिंतीला फळ्यांवर एकावर एक रचलेल्या. किल्ली करदोड्याला. वडिलांच्या ट्रंकेत काय असायचं ते मी लहानपणी पाठ केलं होतं, कारण ती उघडली की मला लिमलेटची गोळी मिळायची: दोन सदरे, दोन लेंगे, गावी जाताना घालायचा कोट, आरसा, कंगवा, गावाकडून आलेली कार्डं दोऱ्यात बांधून, मनीऑर्डरच्या पावत्या, ज्योतिबाचा फोटो आणि भजनी मंडळाचा एक टाळ. एकच. दुसरा शेजारच्या ट्रंकेत. भजन करायचं तर दोन्ही ट्रंकांचे मालक एका पाळीत लागायचे.

जेवण खानावळीत. महिन्याचे पैसे बांधून दिले की दोन वेळची भूक बाईच्या हवाली. पोळपाट, तवा, मिठाची बरणी, यांतलं काही माणसाच्या मालकीचं नव्हतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. वाटायचं ते खानावळवाल्या बायांना: उधारी यांची, सावकार त्यांच्या दारात. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि बँकेची कर्जं मिळवून दिली, तेव्हा कुठे त्या तव्याखालची आच जरा कमी झाली.

अकरा वर्षं वडील असे राहिले. सात किलो? ट्रंक रिकामीच तेवढी भरेल. पण आतला ऐवज सातच्या आतलाच, आणि टूथब्रशाची दांडी कापायचा प्रश्न नव्हता, मिश्री बोटानंच लावायची असते. मात्र याला कुणी जीवनशैली म्हटलं नाही, याचे फोटो काढले नाहीत, आणि आई गावाहून आली त्या दिवशी वडिलांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे उधारीवर कपाट आणलं. आरशाचं.

धोबीतलावला गोव्याच्या मंडळींच्या 'कुडी' होत्या, त्यांची तऱ्हा हीच. गावागणिक एक क्लब. आत वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना, आणि भिंतीला ओळीनं पेट्या. बोटीवर नोकरीला जाणारा तारवटी इथे उतरायचा, जहाज मिळालं की निघायचा, महिनोन्‌महिने दर्यावर. लांबच्या प्रवासात थोडक्या सामानात राहण्याची पदवी द्यायची झाली तर पहिली या लोकांना द्यावी लागेल. पण माझी नजर, माळ्यावर गुडघे टेकून बसलेला असल्यामुळे, मागे राहिलेल्या पेटीवर जाते. ती कुणी तरी सांभाळत होतं ना.

एकदा हे डोक्यात शिरलं की सगळीकडे तेच दिसायला लागतं. वारीचं बघा. वारकरी खांद्याला पडशी लावून आळंदीहून पंढरपूरला चालत जातो. काय तो हलकेपणा, म्हणून आपण पुण्यात रस्त्याकडेला उभं राहून डोळे पुसतो. दिंडीचा ट्रक वेगळ्या रस्त्यानं पुढे जातो, त्यात तंबू, पातेली, तांदळाची पोती, गॅस आणि वारकऱ्यांच्या नावं घातलेल्या पिशव्या असतात, त्या ट्रककडे बघून कुणाचे डोळे भरून येत नाहीत. मी एक वर्ष दिंडीबरोबर गेलो होतो. पडशीत माझ्या फक्त चष्म्याचं घर होतं. ट्रकमध्ये बायकोनं काय काय दिलं होतं ते आठवत नाही, पण दिंडीचालकांनी वेगळी चिठ्ठी चिकटवली होती: 'हे दोन माणसांचं नाही, एकाचंच आहे.'

वरसईचे विष्णुभट गोडसे तर १८५७ साली बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, म्हणून काकांबरोबर उत्तरेला निघाले आणि थेट बंडात सापडले. झाशीचा वेढा आत राहून पाहिला. वाटेत लुटले गेले, पुन्हा कमावलं, पुन्हा लुटले गेले. शेवटी घरी आणलं काय, तर आईवडिलांना स्नान घालायला कावडीतून गंगाजल. त्यांचं 'माझा प्रवास' १९०७ साली छापून आलं. मराठीतला हा सामान कमी करत नेलेला सर्वांत मोठा प्रवास असावा, फरक इतकाच की कमी करायचं काम शिपाई आणि गोरे सोजीर करत होते. आणि ज्यांना निवडीचा प्रश्नच कधी आला नाही, गाढवावर बिऱ्हाड लादून या गावकुसाबाहेरून त्या गावकुसाबाहेर गेले, त्यांचं लक्ष्मण माने यांनी १९८० साली 'उपरा'त लिहिलंय. भाच्याचं ते पुस्तक 'पुस्तकं' खोक्यात होतं. मी वाचायला काढून घेतलं, तेवढंच दोनशे ग्रॅम हलकं.

खरोखरीचा रिकाम्या हातांचा माणूस म्हणाल तर गाडगेबाबा. अंगावर चिंध्या, हातात खराटा, खायला-प्यायला मातीचं गाडगं. गावोगाव हिंडले, धर्मशाळा बांधल्या त्या इतरांसाठी. त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आज टाटा रुग्णालयात येणारे पेशंट उतरतात. मी हे भाच्याला व्हिडिओ कॉलवर कौतुकानं सांगत होतो. बायको मागून म्हणाली, "त्यांनी दुसऱ्यांसाठी खोल्या बांधल्या. ह्यानं दुसऱ्याची खोली भरली." भाच्याचा आवाज तेवढ्यात तुटायला लागला. नेटवर्क व्हिएतनामचं होतं की भाच्याचं, कळलं नाही.

बायकोला या विषयावर बोलायचा अधिकार मात्र नाही. तिचं माहेर कणकवलीजवळ. आठ दिवसांच्या गणपतीला आम्ही जातो ते अकरा डाग घेऊन: भावांना कपडे, शेजाऱ्यांना फरसाण, देवाला अगरबत्त्यांचा पुडा, जसं काही अगरबत्ती कोकणात उगवतच नाही. येताना तेच अकरा डाग तांदूळ, सोलं, नारळ, कुळथाचं पीठ भरून परत. रेल्वेच्या डब्यात आमच्यासाठी सामान हलवता हलवता एका माणसानं विचारलं होतं, "तुम्ही कायमचे चाललात का?"

आणि मग खरोखरच तशी वेळ आली. आमची चाळ पुनर्विकासाला गेली.

तीन वर्षांत नवीन घर, तोवर बिल्डर भाडं देणार, राहायला कुठेही जा. ज्यांना भाडं नको त्यांना संक्रमण शिबिर. हे नाव ज्यानं ठेवलं त्याला मानलं पाहिजे. 'शिबिर' म्हटल्यावर वाटतं, आठ दिवस, शेकोटी, गाणी, परत. 'संक्रमण' म्हटल्यावर वाटतं तिळगूळ. मुंबईत अशा शिबिरांत गेलेली मुलं तिथेच आजोबा झालीत. आम्ही भाडं घेतलं आणि परळला, एल्फिन्स्टनच्या पुलाच्या पलीकडे, भोईवाड्यात खोली पाहिली. दहा बाय अकरा. माळा नाही.

'माळा नाही' हे दोन शब्द मी बायकोला चहा झाल्यावर सांगितले.

आता आम्हीच लांबच्या प्रवासाला निघालेले. फरक इतकाच, की भाच्याला निदान एक मामा होता. मी सल्ला विचारायला फोन लावला. माणूस तज्ज्ञ, विचारावं. तेव्हा तो उझबेकिस्तानात होता. म्हणाला, "मामा, सोपं आहे. जपानमध्ये एका बाईंची पद्धत आहे. प्रत्येक वस्तू हातात घ्यायची, डोळे मिटायचे, आणि विचारायचं, ही मला आनंद देते का? देत नसेल तर तिचे आभार मानून तिला निरोप द्यायचा."

बायकोनं प्रेशर कुकर हातात घेतला, डोळे मिटले. "आनंद नाही देत," ती म्हणाली. "भात देतो." कुकर राहिला. आईच्या पाट्यानं आनंद दिला नाही, पण आईनं दिला होता, म्हणून पाटा राहिला. बंबाचे आभार मानून आम्ही त्याला भंगारवाल्याकडे निरोप दिला. भंगारवाल्यानं तांब्याचा भाव सांगितल्यावर बंबानं जातानाच खरा आनंद दिला. थर्माकोलच्या मखराला कुणीच हात लावला नाही. सगळ्यात लांबली ती पिशव्यांची पिशवी. दर घरात दाराच्या मागे एक पिशवी असते, तिच्यात बाकीच्या पिशव्या असतात. ती हातात घेऊन बायको इतका वेळ डोळे मिटून उभी राहिली की मला वाटलं, लागली समाधी.

मग भाच्याची खोकी. त्याच्या परवानगीनं, व्हिडिओ कॉल लावून, एकेक फोडलं. 'हिवाळा'त स्वेटर होते, मुंबईत दोन पावसाळे काढून त्यांना भाच्याच्या मेंढीपेक्षा जास्त वास येत होता. 'मिसलेनियस एक'मध्ये वायरी. 'मिसलेनियस दोन'मध्ये त्या वायरी ज्या यंत्रांच्या होत्या त्या यंत्रांची खोकी, रिकामी. आणि 'सेंटिमेंटल'? मी कात्री चालवली, सगळी चाळ पुन्हा जमलेली. आत चार जुन्या सॅक होत्या. पंधरा किलोंची, बारा किलोंची, दहा किलोंची आणि एक, जिला एकदाच पाठीला लावलं होतं, आठची. सातपर्यंत उतरत आला त्याच्या पायऱ्या. सगळ्यांत खाली एक ब्रश होता, अख्ख्या दांडीचा.

"तो ठेवा," भाचा पडद्यावरून हळूच म्हणाला.

समोर टॉवरमध्ये माझ्या मित्राच्या मुलानं फ्लॅट घेतलाय, तिथे गेल्या महिन्यात गेलो होतो. हॉलमध्ये एक सोफा, एक दिवा, भिंतीवर काही नाही. "आम्ही कमीत कमी ठेवलंय," असं तो म्हणाला. आत कपड्यांची जी खोली दाखवली तिच्यात आमच्या गावचे चौदा जण पाळी धरून सहज झोपले असते. असो.

निघायच्या दिवशी टेम्पोवाल्यानं सामान बघून दोन फेऱ्या सांगितल्या. भोईवाडा तसा हाकेच्या अंतरावर, पण एल्फिन्स्टनचा पूल २०२५च्या सप्टेंबरात पाडायला घेतला, शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी. आता पलीकडे जायचं तर करी रोडचा पूल नाही तर दादरचा टिळक पूल. एल्फिन्स्टन स्टेशनचं नाव २०१८ सालीच प्रभादेवी झालं, लॉर्ड एल्फिन्स्टन फक्त पुलापुरते उरले होते, तेही गेले. या गावात सगळेच आपलं सामान हलकं करताहेत. टेम्पोत बसून मी बायकोला हे सांगितलं, ती मांडीवरची कुंडी सावरत म्हणाली, "झाड वाढलंय, डोकं जरा बाजूला घ्या."

वडिलांची ट्रंक हमालानं भंगाराच्या ढिगाकडे नेली होती, ती मी परत आणली. नव्या खोलीत तीच टेबल आहे, तीच बसायची जागा आणि आत दोन माणसांचे रोजचे कपडे. तालुका आजरा पुन्हा वाचता येतो. कपाट मात्र नव्या घरी मोठं घ्यायचं असं बायकोनं ठरवून टाकलंय. आरशाचं.

चार दिवसांपूर्वी भाच्याचा मेसेज आला: 'मामा, नवीन पत्ता पाठव. बुखाऱ्याला एक गालिचा मिळाला, हातानं विणलेला, सोडवेना. सॅकमध्ये बसत नाही, पार्सल करतोय. लहानच आहे, सहा बाय नऊ फूट.'

बायकोनं टेप आणली. जमीन मोजली. मग भिंत मोजली. मग ट्रंक आणि मोरी यांमधली फट मोजली. थोडा विचार केला आणि काही न बोलता टेप घेऊन माझ्याकडे आली.